बालाघाटाच्या माथ्यावरचे निवांत रस्ते

लिंबागणेशला येणारे बहुतेक लोक भालचंद्राच्या दर्शनाला येतात. गणपतीच्या शापातून सुटण्यासाठी चंद्राने इथे तप केलं, अशी इथली कथा आहे. दगडी देऊळ, पुष्करणी आणि चतुर्थीला मांजरसुंब्याकडून, पाटोद्याकडून येणारी गर्दी हीच या गावाची ओळख. पण ज्याला सायकलवरून निवांत हिंडायचं आहे, त्याच्यासाठी हे गाव आणखी एका कारणाने मोलाचं आहे. बीडपासून तीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या पठारावर ते अशा ठिकाणी वसलंय की आसपासच्या टापूत चार नद्यांचे उगम आहेत.

बिंदुसरा पाटोदा तालुक्यात उगम पावते, पालीच्या धरणात थांबते, बीड शहर ओलांडते आणि सिंदफणेला मिळते. सिंदफणाही पाटोद्याच्याच डोंगरातली. ती माजलगाव तालुक्यात क्षेत्र मंजरथला गोदावरीत जाते. मांजरा याच पठारावर उगम पावून बीड, धाराशिव, लातूर, बीदर असा मोठा वळसा घेते आणि ७२४ किलोमीटर वाहून तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला भेटते. चौथी विंचरणा. सौताड्याच्या रामेश्वराजवळ ती कड्यावरून खाली उडी घेते आणि जामखेडकडे, सीनेकडे निघते. सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे पाटोद्याच्या एखाद्या माळावर बांधाच्या अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीचा होतो आणि पलीकडे पडलेला कृष्णेचा. पुढे ही दोन्ही पाणी बंगालच्या उपसागराला मिळतात, पण त्याआधी अर्धा दख्खन त्यांच्यामध्ये येतो.

सायकलवाल्याला उगमाच्या मुलखाचं महत्त्व असं की इथे नदीला अजून नदीपण आलेलं नसतं. ती ओढा असते, कुठे नुसतं लवण असतं. तिच्या काठी मोठं गाव नसतं, कारखाना नसतो, बाजारपेठ नसते. वाड्या-वस्त्या असतात आणि रस्ते तेवढ्यापुरतेच असतात. मोठ्या नदीच्या खोऱ्याचं तसं नसतं. गोदाकाठी गेवराई-माजलगावच्या बाजूला ऊस आहे, साखर कारखाने आहेत, आणि गाळप हंगामात तिथल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. सपाट, सुंदर, सावलीचा रस्ता असूनही तिथे सायकल चालवताना जीव मुठीत धरावा लागतो. उगमाकडच्या रस्त्याला चढ आहे, ऊन आहे, पण तिथे मागून भोंगा वाजत नाही.

रस्ता शांत का राहतो, याचं माझं उत्तर साधं आहे. ज्या रस्त्याने पुढे लांब कुठे जाता येत नाही, किंवा गेलं तरी दुसऱ्या रस्त्यापेक्षा उशिरा पोचायला होतं, तो रस्ता शांत राहतो. बालाघाटावर या गोष्टी जागोजागी दिसतात. धुळे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आणि बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून चौसाळ्याकडे जाणारी लांब पल्ल्याची सगळी वाहतूक त्याने उचलली. मांजरसुंब्याहून लिंबागणेशवरून पाटोदा-जामखेडकडे जाणारा रस्ताही आता राष्ट्रीय महामार्ग आहे, ५४८-डी. त्यामुळे खुद्द लिंबागणेशचा मुख्य रस्ता शांत म्हणता येणार नाही. ट्रक आहेत, एसटी आहे, दर्शनाच्या गाड्या आहेत. पण या दोन महामार्गांनी गाड्या आपल्याकडे ओढून घेतल्यामुळेच त्यांच्या मधले आणि बाजूचे गावरस्ते मोकळे राहिलेत. निवांत रस्ता हवा असेल तर महामार्गापासून फार लांब जाण्याची गरज नाही. त्याच्या कुशीत शिरलं की पुरे.

कोणत्या रस्त्याला वळायचं हे ओळखायला मैलाचा दगड उपयोगी पडतो. आपल्याकडे या दगडांच्या डोक्याचा रंग ठरलेला आहे. राष्ट्रीय महामार्गावर पिवळा, राज्य मार्गावर हिरवा, जिल्हा मार्गावर काळा किंवा निळा आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर नारिंगी. रस्त्यांची ही उतरंड मुळात १९४३ सालच्या नागपूर परिषदेत ठरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण असे वर्ग तेव्हा पाडले गेले. ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिच्यातल्या रस्त्याचा डांबरी भाग साधारण पावणेचार मीटर रुंद असतो, आणि वाहतूक अगदीच कमी असेल तर तीन मीटर. एसटीची रुंदी अडीच मीटरच्या वर जाते. म्हणजे अशा रस्त्यावर एसटी आली की सायकलला उरतो जेमतेम एक मीटर. तिथे मान राखून साईडपट्टीवर उतरायचं. यात कमीपणा काही नाही, आणि दिवसातून दोन-तीनदाच येणाऱ्या गाडीसाठी ते जडही जात नाही. रस्ता अरुंद आहे म्हणून ड्रायव्हरही वेग धरत नाही. रुंदीकरण झालं की प्रवास सुखाचा होतो, असं आपण धरून चालतो. सायकलपुरतं तरी ते खरं नाही. नारिंगी डोक्याचा दगड दिसला की माझं चाक आपोआप तिकडे वळतं.

यातल्या पुष्कळ रस्त्यांचा जन्म मात्र योजनांच्या फार आधीचा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय या मुलखातल्या रस्त्यांबद्दल बोलणं अपुरं राहील. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना अजून कालचा वाटतो. पाऊस गेला, विहिरी आटल्या आणि सरकारने कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं, रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. दिवसभर खडी फोडायची आणि सुकडी खाऊन पुन्हा कामाला लागायचं. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि पुढे देशाच्या २००५ च्या कायद्याला त्याच्यापासूनच वाट मिळाली. आज ज्या वळणावरून आपण पायडल न मारता सरसर खाली येतो, त्याचा मुरूम कुणीतरी पाटीने वाहिलेला असतो. असे रस्ते यंत्राने आखलेले नसल्यामुळे ते डोंगर कापत नाहीत, त्याला वळसा घालून जातात. चढ सौम्य राहतो आणि वळणं पुष्कळ येतात.

पठाराची घडण समजून घेतली तर या रस्त्यांवर पाय कमी दुखतात. हा सगळा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्हारसाचा. थरावर थर साचले, म्हणून माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. वरच्या थरावर पाणी हळूहळू चालतं आणि कडेला आलं की एकदम खाली पडतं. सौताडा तसाच झाला आणि मांजरसुंब्याजवळचं कपिलधारही. तिथे दरीत मन्मथ स्वामींची समाधी आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरहून पायी दिंड्या येतात. सायकलवाल्याने यातून घ्यायचं ते हे: माथ्यावर आहात तोवर चढउतार किरकोळ आहेत. कडेवरून एकदा खाली उतरलात की तेवढंच पुन्हा चढावं लागेल. कपिलधारला उतरणं फार मोहाचं आहे, पण ते दिवसाच्या सुरुवातीला करावं. उन्हं चढल्यावर नाही.

चढाचा हिशेब मांडूनच पाहू. माणूस, सायकल, पाणी, पंप असं सगळं मिळून ८५ किलो वजन धरलं आणि दीडशे मीटर उंची चढायची म्हटलं, तर लागणारं काम सव्वा लाख ज्यूलच्या आसपास येतं. उष्मांकांत मोजलं तर सुमारे ३०. आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातला चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचवतं, बाकीचा घामात आणि उष्णतेत जातो. म्हणून प्रत्यक्षात १२० उष्मांक खर्च होतात. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत साधारण इतकेच असतात. घाटाची भीती वाटणाऱ्याला मी हा हिशेब नेहमी सांगतो. दीडशे मीटरला एक भाकरी.

माथ्यावरून जाणारा रस्ता आणि ओढ्याच्या काठाने जाणारा रस्ता, दोन्ही शांत असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा. माथ्याच्या रस्त्याला ओढे आडवे येत नाहीत, कारण ते त्याच्या दोन्ही अंगांना खाली सुरू होतात. त्यामुळे पावसाळ्यातही तो अडत नाही. वारा मात्र भरपूर लागतो आणि सावली नसते. ओढ्याकाठचा रस्ता थंड असतो. लिंब, करंज, कुठे उंबर असतो, पण दर अर्ध्या-एक किलोमीटरवर एखादा नळकांडी पूल किंवा फरशी येते. फरशीवरून वर्षातले दोन-तीन महिने पाणी वाहतं आणि सिमेंटवर हिरवं शेवाळ धरतं. वरून ते ओलसर डागासारखं दिसतं. हात लावला तर बोटाला साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही. आधीच वेग कमी करून सरळ रेषेत जायचं, आणि पाणी घोट्याच्या वर असेल तर उतरायचं. ओढ्याला लोंढा असेल तर थांबायचं. बालाघाटातला ओढा पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतो. तेवढी उसंत दिवसात ठेवावी.

शांततेचीही काही गणितं आहेत. एकच मोटारसायकल दूर जात असेल तर अंतर दुप्पट झालं की तिचा आवाज सहा डेसिबलने उतरतो. सलग वाहता महामार्ग हा मात्र आवाजाचा एक बिंदू नसून लांबच लांब रेघ असते, आणि रेघेचा आवाज अंतर दुप्पट झालं तरी तीनच डेसिबलने उतरतो. माणसाच्या कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. यामुळेच सपाट माळावर महामार्गापासून एक-दीड किलोमीटर आत गेलं तरी त्याची घरघर पाठ सोडत नाही. पण मध्ये एक टेकाड आलं की चित्र बदलतं, कारण टेकाड ही रेघच अडवतं. बालाघाटाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांचं हे मोठं देणं आहे. एक वळण घेतलं, एक लवण उतरलं, की महामार्ग ऐकू येईनासा होतो.

हिवाळ्यातल्या पहाटे मात्र उलट अनुभव येतो. रात्रभर जमीन थंड होते, थंड हवा खोलगट भागात साचते आणि तिच्या वर उबदार हवेचा थर राहतो. आवाज थंड हवेकडे वाकतो. जो वर निघून गेला असता, तोच पुन्हा जमिनीकडे येतो, आणि तीन-चार किलोमीटरवरचा ट्रक अगदी शेजारी असल्यासारखा ऐकू येतो. उन्हं वर आली की हा थर मोडतो. म्हणून थंडीत शांतता हवी असेल तर फार अंधारात निघण्यापेक्षा सूर्य हातभर वर आल्यावर निघणं चांगलं. मोर त्याही वेळेला ऐकू येतात. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठीच १९९४ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. सुमारे ३० चौरस किलोमीटरचं ते झुडपी रान. मोर रस्त्यावर येतो तो दाणे टिपायला, आणि सायकल दिसली की मोटारीसारखा घाबरून उडत नाही. थोडा बाजूला होतो, मान वळवून पाहतो आणि पुन्हा टिपायला लागतो. पंधरा-वीस हातांवरून त्याच्या गळ्याचा निळा रंग हिरव्यात कुठे मिसळतो, ते नीट पाहता येतं.

वाऱ्याचं सांगायलाच हवं, कारण पठारावर चढापेक्षा वारा जास्त दमवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५ किलोमीटरने चाललो आहोत आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचाच वारा आहे, तर शरीराला ३० चा वारा लागतो आणि विरोध चौपट होतो. हाच वारा पाठीशी असेल तर हवेचा विरोध जवळपास शून्य. जून ते सप्टेंबर इथे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून वारं येतं आणि दुपारनंतर ते वाढतं. तेव्हा पावसाळ्यात सकाळी, अंगात जोर असताना, लिंबागणेशहून पाटोद्याच्या दिशेला जावं आणि परतताना वारं पाठीवर घ्यावं. अलीकडे या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. त्यांची पाती नेहमी वाऱ्याच्या तोंडाला वळतात. चक्कीचा चेहरा ज्या दिशेला, तिकडून वारा. रस्ता निवडण्यापूर्वी एकदा वर पाहिलं की अंदाज येतो. याच पवनचक्क्यांसाठी लांबलचक पाती वाहून नेणाऱ्या गाड्या गावरस्त्यांवर येतात. त्या वजनाला हे रस्ते केलेले नाहीत. जिथे काम चालू असेल तिथे डांबर खचलेलं आणि खडी उघडी पडलेली मिळेल, असं धरूनच निघावं.

अशा रस्त्यांसाठी बारीक टायरची, टणक हवा भरलेली रेसची सायकल कामाची नाही. पुष्कळांना वाटतं की हवा जितकी जास्त तितकी सायकल हलकी पळते. गुळगुळीत डांबरावर ते काही अंशी खरं. खडबडीत रस्त्यावर टणक चाक प्रत्येक खड्यावर उडी मारतं, सायकल आणि माणूस दोघांनाही उचलतं, आणि त्या उचलण्यात शक्ती जाते. थोडी कमी हवा असलेलं रुंद टायर, ३५ ते ४० मिलिमीटरचं, खडा स्वतःत दाबून घेतं आणि पुढे जातं. अंगही कमी दुखतं. मुलं शाळेला नेतात ती साधी काळी सायकल या बाबतीत मुळातच शहाणी आहे. तिचं टायर रुंद असतं, बैठक सरळ असते आणि बिघडलं तर कोणत्याही गावात दुरुस्त होते.

काट्यांपासून मात्र कोणतंही टायर सुटत नाही. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण शेतात नेताना रस्त्यावर काटे पडतात, ते दिसतात तरी. सराटा दिसत नाही. साईडपट्टीवर जमिनीला चिकटून पसरलेला, बारीक पिवळ्या फुलांचा तो वेल. त्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन ताठ काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावून घाईने चाक चढवलं तर दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते, कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायरच्या आतून हळूच, अगदी हळूच बोट फिरवायचं. जिथे टोचेल तिथे ते टोक सापडतं. नखाने निघत नाही, चिमटा लागतो. चिमटा, दोन ठिगळं, सोल्युशन, पाना आणि पंप एवढं सामान असल्याशिवाय या भागात निघू नये, कारण रस्ता शांत आहे याचा अर्थ मदतही लांब आहे.

उत्तम हंगाम म्हणजे भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतचा. ओढे वाहते असतात, तरवड पिवळा फुललेला असतो, तूर कमरेला आलेली असते आणि डोंगरउतारांवर सीताफळाचे डोळे उघडायला लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते झाडावरून काढून फडक्यात बांधून विकायला बसलेल्या बाईकडून घ्यावं, बांधावरच्या झाडाला हात लावू नये. याच दिवसांत सोयाबीन आणि बाजरी निघते, आणि खळं म्हणून डांबरी रस्त्याची एक बाजू वापरली जाते. रस्त्यावर धान्य वाळत असेल तर सायकलवरून उतरून कडेने चालत जावं. मेंढरांचा कळप आला तरी तसंच. मेंढपाळाची कुत्री सायकलवर धावून येतात, उतरून उभं राहिलं की बहुतेक वेळा थांबतात. हॉटेलात चहाला थांबलं की प्रश्न ठरलेला, “कुठलं गाव म्हनायचं पाव्हणं? सायकलवर का हिंडायलाव?” या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. पुढच्या वाटेची खरी माहिती त्यानंतर सुरू होणाऱ्या गप्पांत मिळते: कोणती फरशी वाहून गेली, कोणता रस्ता नव्याने झाला, कुठे खडीच अंथरलेली आहे.

हेच रस्ते दसरा-दिवाळीनंतर आणखी शांत होतात. त्या शांततेचं कारण वेगळं आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो. ट्रक आणि ट्रॅक्टर भरून संसार निघतात आणि गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. कुलूप लावलेली घरं, बंद किराणा दुकान, पारावर दोन आजोबा. जानेवारीत अशा वस्त्यांवरून जाताना रस्ता सुंदर आणि मोकळा आहे म्हणून आनंद मानायला माझं मन तयार होत नाही. उगमाजवळ राहणाऱ्यांनाच पाणी पुरत नाही, म्हणून त्यांना असं बाहेर पडावं लागतं. पाऊस बेताचा, पाषाण कठीण, पठारावर पडलेलं पाणी वाहून खाली जातं. याच टापूत उगम पावणाऱ्या मांजरेवर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे, आणि लातूर शहर त्यावर अवलंबून आहे. २०१६ मध्ये ते कोरडं पडलं तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. बालाघाटावर पाऊस किती पडला, याची चौकशी लातूरकर उगाच करत नाहीत.

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला या रस्त्यांवर सायकली दिसतात त्या मुलींच्या. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. वस्तीवरून हायस्कूलच्या गावाला तीन-चार किलोमीटर, मागे दप्तर, कधी धाकटा भाऊ. निवांत रस्त्याची खरी गरज त्यांना आहे. ट्रकचा रस्ता असता तर कितीतरी आईवडिलांनी शाळा सोडवली असती. निवांत सायकलिंग हा शहरातून आलेल्या हौशी माणसाचा विषय आहे असं समजणाऱ्याने दहा वाजता एखाद्या फाट्यावर उभं राहून पाहावं.

ज्या रस्त्याने लवकर पोचता येत नाही तो शांत राहतो, हे सूत्र समुद्रकाठी वेगळ्या रूपात दिसतं. कोकणात मुंबई–गोवा महामार्ग डोंगराच्या बाजूने, आतून जातो आणि लांब पल्ल्याची वाहतूक घेतो. किनाऱ्याने जाणारा रेवस–रेड्डी मार्ग मात्र दर थोड्या अंतरावर खाडीपाशी तुटतो: सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची, शास्त्रीच्या मुखाशी जयगडची. तिथे फेरीबोट घ्यावी लागते. दाभोळ–धोपावे ही गाड्या नेणारी फेरी २००३ पासून चालू आहे. तिच्यासाठी थांबायचं, बोटीत चढायचं, पलीकडे उतरायचं, एवढा वेळ ट्रकवाल्याला परवडत नाही. सायकलवाल्याला तो विश्रांतीचा वेळ असतो. बालाघाटावर जे काम टेकाड करतं, तेच तिथे खाडी करते. आता या खाड्यांवर मोठे पूल व्हायचे आहेत. किनाऱ्यावरच्या लोकांना दवाखाना आणि बाजार जवळ येईल, आणि ते व्हायलाच हवं. पण पुलावर सायकलसाठी आणि पायी चालणाऱ्यासाठी वेगळी कड आखली नाही, तर सागरी रस्ता सायकलला कायमचा बंद होईल. हे नकाशावर असतानाच मागायला हवं.

बालाघाटासाठी मागणं फार कमी खर्चाचं आहे. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन नावाचा खाण अभियंता होता. जमिनीखालच्या बोगद्यांत वाट चुकू नये म्हणून फाट्यांना नंबर देतात, ही पद्धत त्याने खाणीत पाहिलेली. कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्यावर त्याने तीच युक्ती जमिनीवरच्या निवांत रस्त्यांना लावली, आणि १९९५ मध्ये तिथे पहिलं जाळं सुरू झालं. नवा रस्ता नाही, वेगळी मार्गिका नाही. आहेत त्याच गावरस्त्यांच्या फाट्यांवर एकेक आकडा आणि पुढचा आकडा कोणत्या दिशेला याचा बाण. माणूस घरून चार आकडे कागदावर लिहून निघतो आणि दिवसभर हिंडून येतो. ही पद्धत पुढे बेल्जियमभर आणि नेदरलँड्समध्ये पसरली. युरोपातले नदीकाठचे मोठे सायकलमार्ग, डॅन्यूबचा किंवा अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत नद्यांच्या काठाने जाणारा, यांना पैसा आणि देशादेशांचे करार लागले. दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये इंचॉनपासून बुसानपर्यंत ६३३ किलोमीटरचा नदीकाठचा मार्ग केला, त्यालाही सरकारी तिजोरी लागली. लिंबर्गच्या युक्तीला पाट्या आणि खांब लागतात.

लिंबागणेश, मांजरसुंबा, कपिलधारचा फाटा, नायगाव, पाटोदा, सौताडा. एवढी ठिकाणं जोडणारे गावरस्ते आधीच आहेत, आणि कोणत्या रस्त्यावर किती वाहतूक आहे हे बांधकाम विभागाला ठाऊक असतं. फाट्यावर आकड्याबरोबर पुढे पाणी किती किलोमीटरवर मिळेल आणि इथलं पाणी कोणत्या नदीला जातं, हेही लिहिता येईल. पहिली पाटी भालचंद्राच्या देवळासमोर लावावी, कारण एसटीची सोय तिथेच आहे, चहाची हॉटेलं आहेत आणि पंक्चर काढणाराही सापडतो.